जंगलालगतच्या गावाचा वापर-आराखडा: आधी मोजा, मग नियम करा

ताडोबा, मेळघाट, नवेगाव-नागझिरा यांच्या कडेला असलेल्या गावांत वनखातं आणि गाव यांची बैठक बहुतेक वेळा एकाच वळणावर अडते. खातं म्हणतं, जंगलात जाऊ नका. गाव म्हणतं, आजापणजापासून जातो आहोत. पण किती सरपण लागतं, किती ढोरं कुठे चरतात, मोहफुलाचं उत्पन्न किती घरांचं आहे, हे आकडे दोघांकडेही नसतात. आकडे नसले की एका बाजूला सरसकट बंदी होते आणि दुसऱ्या बाजूला चोरटा वापर. म्हणून आराखडा जनजागृतीच्या फलकाने नव्हे, तर वजनकाट्याने सुरू करायचा. पुढची पद्धत विदर्भातलं पानगळीचं जंगल धरून लिहिली आहे.

मोजणी

सरपण आधी घ्या. गावातली आठ-दहा घरं निवडा. त्यात भूमिहीन, शेतकरी, मोठं कुटुंब, एकटी राहणारी म्हातारी, असं सगळं यायला हवं. सलग सात दिवस त्या घरांत येणारी प्रत्येक मोळी स्प्रिंगच्या काट्यावर तोला. हेच हिवाळ्यात, उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर असं तीनदा करा, कारण मे महिन्यात लोक पावसाळ्याचा साठा करतात आणि त्याच आठवड्याचं माप घेतलं तर आकडा फुगतो.

समजा ८० घरांच्या गावात ५५ घरं चुलीवर आहेत, घराला आठवड्याला ३ मोळ्या लागतात आणि मोळी सरासरी २० किलोची आहे. ५५ गुणिले ६०, म्हणजे आठवड्याला ३,३०० किलो. वर्षाला १७१ टनांच्या वर. हा आकडा सभेत वाचून दाखवला की 'गॅस आला तर किती मोळ्या कमी होतील' हा प्रश्न हवेत राहत नाही. गॅस आल्यावरही आंघोळीचं पाणी, धान उकडणं आणि ढोरांचं आंबोण चुलीवरच होतं. त्यामुळे गॅसजोडण्या वाटल्या म्हणून सरपण शून्य धरू नका. सहा महिन्यांनी त्याच घरांत पुन्हा तोला आणि जो फरक दिसेल तेवढाच लिहा.

ढोरांची मोजणी पशुगणनेच्या कागदावरून करू नका, ढोरकीला, म्हणजे गावाची ढोरं चारणाऱ्याला विचारा. रोज सकाळी किती जनावरं हाकतो, त्यांतली दुभती किती, कामाची किती आणि मालकाने सोडून दिलेली भाकड किती, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. २५० किलोच्या देशी गाईला दिवसाला साधारण ६ किलो सुका चारा लागतो. २०० जनावरांना रोज १,२०० किलो. मग गावातलं तणस (धानाचा पेंढा), कुटार, कडबा किती निघतं आणि त्यातलं किती शेतातच जाळलं जातं, ते मांडा. धानाच्या पट्ट्यातली कित्येक गावं तणस पेटवून देतात आणि त्याच ढोरांना चरायला जंगलात पाठवतात. तिथे पहिला नियम जंगलाचा करण्याऐवजी तणसाच्या ढिगाचा करावा.

मोहफुलं, तेंदूपत्ता, चारोळी, आवळा, बांबू आणि मध यांची नोंद घरनिहाय ठेवा. ही माहिती बाया देतील. पुरुषांच्या बैठकीत ती निम्मीच येते. महिलांची सभा वेगळी घ्या, तीही दुपारी. संध्याकाळच्या सभेला चूल सोडून कोण येणार?

जमीन कुणाच्या नावावर, हे आधी स्पष्ट करा

गावाच्या वापरातलं जंगल बहुधा एकाच प्रकारचं नसतं. थोडं व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रात (आतल्या, सर्वांत कडक राखलेल्या भागात), थोडं अभयारण्यात, थोडं गाभ्याभोवतीच्या बफरमधल्या राखीव किंवा संरक्षित वनात, आणि काही कक्ष (खात्याने पाडलेले जंगलाचे क्रमांकित तुकडे) वन विकास महामंडळाकडे. प्रत्येक कक्ष क्रमांकापुढे तो कशात येतो हे लिहा. राष्ट्रीय उद्यानात चराईला बंदी आहे. अभयारण्यातून वनोपज काढलं, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम २९ नुसार ते आतल्या-आसपासच्या लोकांच्या घरगुती गरजेपुरतं वापरता येतं, व्यापारासाठी नाही. बफर हा मुळात सहअस्तित्वाचा पट्टा आहे. त्याच कायद्याच्या कलम ३८-व्ही नुसार त्याची हद्द ठरवताना ग्रामसभेशी सल्लामसलत व्हायला हवी. ताडोबाचा गाभा सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आणि बफर त्याच्या पावणेदोनपट. गावांचा रोजचा प्रश्न असतो तो या बफरमध्ये.

दुसरीकडे २००६ चा वनहक्क कायदा अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानातल्या वनजमिनीलाही लागू आहे. गौण वनोपजाची मालकी आणि सामूहिक वनसंपत्तीचं रक्षण व व्यवस्थापन करण्याचा हक्क तो देतो. शिकारीचा हक्क देत नाही. दोन कायद्यांमधली ओढाताण तोंडी सोडवायला गेलात तर वनरक्षक बदलला की सगळं बदलतं. म्हणून हक्काचा कागद करून घ्या.

सामूहिक वनसंपत्तीच्या दाव्याचा नमुना 'क' आहे. निस्तार (सरपण, बांबू अशा घरगुती गरजांसाठी जंगलाचा परंपरागत वापर), चराई, मासेमारी अशा सामूहिक हक्कांसाठी 'ब'. दाव्यासोबत किमान दोन पुरावे लागतात. विदर्भात सगळ्यात भक्कम पुरावा निस्तार पत्रकाचा, म्हणजे या वापराच्या जुन्या सरकारी नोंदीचा. त्याच्या जोडीला वनखात्याची जुनी कार्य आयोजना (जंगल-व्यवस्थापनाचा आराखडा), देवराई, मसणवट, जुने पाणवठे, पारंपरिक चराईच्या जागा आणि दावेदार नसलेल्या वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब चालतात. वनहक्क समिती १० ते १५ जणांची असते. त्यात दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे सदस्य आणि एक तृतीयांश महिला हव्यात. अनुसूचित जमातीचे लोक गावातच नसतील, तरी एक तृतीयांश महिला हव्यातच. ग्रामसभेची गणपूर्ती निम्म्या सदस्यांची आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. दावे इथेच सर्वाधिक अडकतात. ठराव चांगला असतो, पण सह्या मोजल्या की कमी भरतात. गणपूर्ती झाली नाही तर सभा पुढे ढकला. नंतर घरोघर फिरून सह्या घेऊ नका. ग्रामसभेनंतर दावा तपासणाऱ्या उपविभागीय समितीत तेच पकडलं जातं.

हद्द पायी फिरून घ्या. सोबत शेजारच्या गावाची माणसं असू द्या, जीपीएसवर बिंदू घ्या आणि नाला, टेकडी, दगड यांची बोलीतली नावं नकाशावर लिहा. शेजारच्या गावाशी वाद निघाला तर दोन्ही गावांच्या समित्यांनी एकत्र बसून तो सोडवायचा, अशी तरतूद नियमांत आहे. पडताळणीची सूचना वन आणि महसूल विभागाला लेखी द्या आणि पोच घ्या. अधिकारी आले नाहीत आणि नंतर त्याच कारणावरून हरकत घेतली, तर दावा फेरपडताळणीसाठी गावाकडे परत येतो. दुसऱ्यांदाही ते गैरहजर राहिले, तर जागेवरच्या पडताळणीबाबत ग्रामसभेचा निर्णय अंतिम राहतो. पोच नसेल तर या तरतुदीचा काडीचा उपयोग नाही. दावा नाकारला तर कारण लेखी मागा. अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे.

गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनसंपत्तीचा हक्क मिळाला, पण स्वतःच्या वाहतूक परवान्यावर बांबू विकायला २०११ उजाडलं. वनहक्क नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर वाहतूक परवान्याचा निर्णय ग्रामसभेची समिती घेऊ शकते, हे नियमातच आलं आहे.

प्रत्येक वस्तूचा नियम वेगळा

'जंगल जपून वापरू' असा ठराव निरुपयोगी आहे. कुठून, कोणत्या तारखांना, कोणी, किती, कोणत्या हत्याराने आणि मोडल्यास काय, ही सहा उत्तरं ज्या ओळीत नाहीत ती ओळ खोडून टाका.

मोह. फुलं साधारण फेब्रुवारीच्या अखेरपासून एप्रिलपर्यंत पहाटे गळतात. पाचोळ्यात ती दिसत नाहीत, म्हणून झाडाखाली काडी लावली जाते. उन्हाळ्यातल्या वणव्यांचं हे मोठं कारण आहे, आणि मोहाला रोपं न उरण्याचंही. उभी झाडं म्हातारी होत चालली आहेत आणि खाली कमरेएवढं रोपटं सापडत नाही. उपाय दोन आहेत. एक, फुलं गळायला लागण्याआधी झाडाखालचा पाचोळा झाडून काढायचा. तो जाळायचा नाही, शेणखताच्या खड्ड्यात टाकायचा. दोन, झाडाखाली जाळी किंवा जुनी लुगडी चार खुंट्यांना बांधायची. जाळीवरची फुलं मातीविना मिळतात आणि त्यांना भाव चांगला येतो; लोकांना पटतं ते या कारणाने, आगीच्या भाषणाने नाही. चार-पाच किलो ओली फुलं वाळून जेमतेम एक किलो होतात, तेव्हा वाळवणाची जागा आधीच ठरवा. दर कुटुंबाने आपल्या वहिवाटीच्या झाडाजवळ मोहाची दोन रोपं काट्यांचं कुंपण करून जगवावीत, अशी अट घाला.

तेंदूपत्ता. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपं छाटली की सुमारे दीड महिन्यात कोवळी पानं येतात. मे हा तोडीचा हंगाम. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा आणि १,००० पुड्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे ७०,००० पानं. ठेकेदाराला नवी फूट जास्त हवी असते, म्हणून छाटणीऐवजी आग लावायचा मोह होतो. करारातच लिहा: आपल्या हद्दीत आग दिसली तर अनामत जप्त. झाड झालेल्या तेंदूच्या फांद्या तोडायच्या नाहीत. तोडल्या तर तेंदूची फळं खाणारी अस्वलं मोहाखाली येतात आणि तिथे बाया असतात. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावने आग आणि छाटणीच्या नुकसानीमुळे तेंदूची तोडच बंद ठेवून बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाला हे परवडणार नाही. ज्या गावाकडे बांबू नाही, त्याने तेंदू सोडून खायचं काय?

बांबू. बेटातली या वर्षीची आणि गेल्या वर्षीची काठी तोडायची नाही. नवी काठी पापुद्र्यांवरून आणि पांढरट भुकटीवरून ओळखू येते. तीन वर्षांची पक्की काठी जमिनीपासून वितीच्या आसपास, पेराच्या लगेच वर, तिरकी तोडा. खुंटावर वाटीसारखा कप राहिला तर पाणी साचून खुंट कुजतो. दर बेटात किमान आठ-दहा पक्क्या काठ्या ठेवा. त्यांच्या आधाराशिवाय नवे कोंब वाकडे होतात. एका बेटावर पुन्हा तीन-चार वर्षांनीच या. पावसाळ्यात तोड पूर्ण बंद. वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) खायला काढायचे तर बेटाच्या आतल्या बाजूचे आणि घरापुरतेच; बाजारात टोपल्या जायला लागल्या की तीन वर्षांनी तोडायला काठीच नसते.

चारोळी आणि आवळ्याचा नियम एका ओळीचा आहे: फांदी तोडायची नाही, आणि समितीने तारीख जाहीर केल्याशिवाय पहिलं फळ काढायचं नाही. कच्ची चारोळी काढायची शर्यत एका घराने सुरू केली की आठ दिवसांत जंगल संपतं, म्हणून तारीख महत्त्वाची. मधाच्या पोळ्यातला फक्त मधाचा भाग कापा, अंडी-अळ्यांचा भाग फांदीवर राहू द्या; माशा तिथेच पुन्हा मध भरतात.

सरपणासाठी पडलेलं, वाळलेलं लाकूड, कुऱ्हाडीशिवाय. पण उभी वठलेली, ढोली असलेली झाडं सोडा. घुबड, धनेश आणि उडती खार यांची घरं तीच. 'वाळलेलं चालतं' एवढंच लिहिलं तर पुढच्या वर्षी झाडांच्या साली गोल काढून ती वाळवली जातात. साल काढलेलं झाड सापडलं तर त्या वाटेचं सरपण महिनाभर सगळ्यांना बंद, असा नियम ठेवा. मग गावच लक्ष ठेवतं.

ढोरं, रोग आणि वाघ

चराईचं जंगल तीन किंवा चार तुकड्यांत वाटा. दर वर्षी एक तुकडा पावसाच्या सुरुवातीपासून गवताला बी धरेपर्यंत बंद ठेवा, मग त्यातलं गवत कापून न्यायला खुलं करा. बंद तुकड्याच्या हद्दीवर झाडांना चुन्याचे पट्टे मारा. ढोरकीला गावाने मजुरी द्यावी आणि नियम मोडला तर आधी मालकाला धरावं, ढोरकीला नाही.

लसीकरण हे वन्यजीवांच्या रक्षणाचं सर्वांत स्वस्त काम आहे आणि सर्वांत दुर्लक्षित. लाळ्या-खुरकूत ढोरांकडून गव्याला, चितळाला होऊ शकतो. वन्यजीव कायद्याच्या कलम ३३-अ मध्ये अभयारण्यापासून ५ किलोमीटरच्या आतल्या जनावरांच्या लसीकरणाची तरतूद आहे, तिचा आधार घेऊन पशुसंवर्धन विभागाकडे शिबिर मागा. लाळ्या-खुरकुताची लस सहा महिन्यांच्या अंतराने, घटसर्प आणि फऱ्याची पावसाआधी. गावातली कुत्रीही विसरू नका. त्यांचा डिस्टेंपर हा संसर्गजन्य रोग जंगलात शिरला तर आवरत नाही.

वाघाने गाय मारली तर ती हलवू नका. ४८ तासांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्याला कळवा, फोटो घ्या, पंचनाम्याची प्रत मागा. 'हॅलो फॉरेस्ट'चा १९२६ हा क्रमांक कोठ्याच्या भिंतीवर रंगवून ठेवा. मेलेल्या जनावरावर कीटकनाशक टाकणं हा गुन्हा तर आहेच, पण आसपास वन्यप्राणी मेला तर दावाही बुडतो. चराईला बंदी असलेल्या भागात जनावर मेलं तर भरपाई अडण्याची शक्यता मोठी. पिकाच्या नुकसानीची तक्रार तीन दिवसांत द्यावी लागते. उशीर होतो तो सातबारा आणि बँक पासबुकाच्या झेरॉक्ससाठी. समितीने प्रत्येक घराची ही फाईल आधीच तयार ठेवावी. गैरसमज नको: भरपाईने गाय येते, पण हंगामाच्या मध्यात बैल गेला तर पेरणी जाते. गावाने वनोपजाच्या पैशातून तातडीचा छोटा निधी ठेवला, तर रागाच्या पहिल्या दोन दिवसांत घडणारं विषप्रयोगासारखं आक्रीत टळू शकतं.

मोह आणि तेंदूच्या दिवसांत वाघाचे हल्ले होतात, कारण वाकलेलं माणूस अंधुक उजेडात चौपायासारखं दिसतं. सूर्य वर आल्यावरच निघा, चार-पाच जणांच्या टोळीने, आणि एकाने काम न करता उभं राहून चौफेर पाहायचं. त्या एकाचा पुडा बाकीच्यांनी भरून द्यायचा. हे ठरलं नसेल तर पहिल्याच दिवशी तोही वाकतो.

कुंपण

रानडुकरासाठी जिवंत तार टाकणं बंद करा. घरच्या विजेचा प्रवाह वाघाला मारतो, तसाच पहाटे पाणी द्यायला गेलेल्या शेजाऱ्यालाही. त्याऐवजी कुंपणाच्या तारेला जोडायचं झटका मशीन क्षणभराचा धक्का देतं आणि थांबतं. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून बफरमधल्या गावांना सौर कुंपण आणि गॅसजोडणीसाठी अनुदान मिळतं. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात करायचा.

मशीन बिघडलं असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा अर्थिंग गेलेलं असतं. तीन सळया, मीटरभर खोल, तीन-तीन मीटर अंतरावर. खड्ड्यात कोळसा आणि मीठ, आणि उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी. सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभर, नाहीतर डुक्कर खालून शिरतं. तारेला गवत टेकलं की धक्का गवतातून जमिनीत जातो, म्हणून दर आठ दिवसांनी पट्टा साफ करा. एकेका शेताला वेगळं कुंपण घातलं तर डुक्कर शेजारच्या, बहुधा सर्वांत गरीब माणसाच्या शेतात वळतं. आठ-दहा शेतं मिळून एकच वेढा घाला आणि जनावरांची जुनी वाट मोकळी सोडा.

आग, पैसा आणि वही

जाळरेषा, म्हणजे आग पसरू नये म्हणून मोकळा केलेला पट्टा, १५ फेब्रुवारीच्या आत साफ झाली पाहिजे. गावाच्या वाटा आणि मोहाचे पट्टे तिच्या आत कुठे येतात, हे वनरक्षकासोबत फिरून ठरवा. पाळीने गस्त लावली तर गस्तीचा दिवस मजुरीचा धरा. फुकटची गस्त होळीनंतर टिकत नाही.

पर्यटनाचा पैसा येतो तिथे जिप्सी, गाईड आणि गेटवरची कामं पाच-सहा घरांत साचतात. गाईडच्या जागांसाठी घरटी एकच माणूस असा ठराव करा आणि ज्या घरांचं सरपण किंवा चराई सर्वांत जास्त कमी झाली, त्यांना आधी संधी द्या. हे केलं नाही तर नियमांचा भार एकाच्या डोक्यावर आणि कमाई दुसऱ्याच्या खिशात जाते, आणि मग पहिला माणूस नियम मोडतो. त्याला दोष देता येत नाही.

वह्या तीनच ठेवा: वनोपजाची आवक-जावक, पैशाची, आणि दंड-तक्रारींची. दंड चढता असावा. पहिल्यांदा समज, दुसऱ्यांदा जंगलात एक दिवस काम, तिसऱ्यांदा त्या हंगामाचा हक्क बंद. सुरुवातीलाच मोठा दंड लावला तर तो कुणी वसूल करत नाही आणि समिती हसण्यावारी जाते.

जंगलात १० बाय १० मीटरचे सहा-सात चौकोन कायमचे आखा, कोपऱ्यांवर दगड रंगवा. दर डिसेंबरला मोह, चारोळी, आवळा, बिजा यांची गुडघ्याखालची आणि गुडघ्यावरची रोपं वेगवेगळी मोजा. गुडघ्याखालची भरपूर पण वरची नाहीत, तर आग किंवा चराई जास्त आहे. दोन्ही नाहीत, तर बी जमिनीपर्यंत पोचतच नाही, म्हणजे वेचणी जास्त आहे. हे आकडे जानेवारीच्या ग्रामसभेत सरपणाच्या नव्या मापाशेजारी वाचायचे आणि मोहाची पहिली फुलं गळायच्या आत त्या वर्षीच्या तारखा, तुकडे आणि मोळ्यांची संख्या बदलून घ्यायची.